मोरवाले, हंसवाले आणि भिवरा

एका राज्यात बारा वर्षं कुणी भाकरी खाल्ली नव्हती.

दुष्काळ नव्हता. पाऊस वेळेवर पडे, जोंधळा डोक्याच्या वर जाई, कणसं मनगटाएवढी होत. पण खळ्यावर मळणी झाली रे झाली, की दाणा न् दाणा भुंग्यासारखा गुणगुणत उठे, थवा करून आभाळात चढे आणि राजधानीतल्या सरकारी कोठारात जाऊन पडे. कोठाराचं दार बंद. लोक कंद उकडत, अंबाडीचा पाला खात, उंबरं खात आणि राजाला शिव्या देत. देणारच. दोष राजाचाच होता.

झालं होतं असं. राजा चंडसेनाच्या मुदपाकखान्यातून तिळाचे लाडू चोरीला गेले. त्याच दिवशी अवघडनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या दाढीत तीळ अडकला होता. राजानं तो पाहिला आणि सिंहासनावरूनच ओरडला, "लाडवात तीळ, दाढीत तीळ. चोर सापडला!" चौकशी नाही, विचारपूस नाही. भर दरबारात मांत्रिकाची अर्धी दाढी भादरली. लाडू राणीच्या माकडानं खाल्ले होते. संध्याकाळी ते पोट धरून बसलं तेव्हा कळलं. पण तोवर शाप देऊन झाला होता.

अवघडनाथ म्हणाला होता, "राजा, तू न बघता ठरवतोस. तुझी प्रजाही तसलीच. आजपासून तुझं कोठार बंद. दारावरचा पितळी सिंह तीन प्रश्न विचारील. जो नीट विचार करून तिन्हींना उत्तर देईल, त्याला दार उघडेल. तोच पुढे कोठार सांभाळील. जो चुकेल, तो दार उघडेपर्यंत पाखरू होऊन राहील."

मग काय, परीक्षा सुरू. दर सोमवारी ऊन पायरीवर आलं, की एक उमेदवार दारापुढे उभा राही. चुके. कोपरापासून पिसं फुटत, आणि तो समोरच्या पिंपळावर जाऊन बसे. कुणी साळुंकी, कुणी भोरडी, कुणी राघू. माणसाची बोली जात नसे. पण प्रत्येक बोलण्याच्या शेवटी आपलं चुकलेलं उत्तर म्हटल्याशिवाय चोच मिटत नसे. बारा वर्षांत पिंपळावर पानांपेक्षा उमेदवार जास्त झाले.

सिंहाचे पहिले दोन प्रश्न दर वेळी निराळे असत. तिसरा मात्र कायम तोच. सगळ्या राज्याला तो तोंडपाठ होता, पाळण्यातल्या पोरालासुद्धा.

"मोर, हंस आणि घुबड एका फांदीवर ओळीनं बसले आहेत. घुबड एका टोकाला आहे. मोर हंसाच्या शेजारी आहे. मधे कोण बसलं आहे?"

एवढ्याशा प्रश्नावर दोन मठ उभे राहिले. मयूरमठात त्रिंबकाचार्य शिकवत, की मधे मोर. हंसमठात गदाधराचार्य शिकवत, की मधे हंस. पोरं नऊ-नऊ वर्षं मठात राहून घोकत. मोरवाल्या गावाची मुलगी हंसवाल्या गावात देत नसत. बाजारात भांडण झालं, की "हंसवाल्या!" ही शिवी होती, आणि पलीकडच्या बाजारात "मोरवाल्या!" मयूरमठाचा शिष्य पाखरू झाला, की त्रिंबकाचार्य म्हणत, "उत्तर बरोबरच होतं. त्यानं उभं राहताना डावा पाय पुढे टाकला." हंसमठाचा झाला, की गदाधराचार्य म्हणत, "उत्तर बरोबरच होतं. मधेच शिंकला मेला." आणि लोक माना डोलवत. शहाणी माणसं बरं का, पागोटी बांधलेली.

आता मोरवाल्यांच्या एका गावात भिवरा नावाची बाई होती. रानात कंद खणायचे आणि पाटी भरून बाजारात न्यायची, हा तिचा धंदा. तिचा नवरा नागोजी नऊ वर्षं मयूरमठात होता. हिनं खणायचं, त्यानं घोकायचं. नऊ वर्षांनी तो दारापुढे उभा राहिला, छाती पुढे काढून "मोर!" म्हणाला आणि राघू झाला. त्यालाही वर्ष होऊन गेलं.

दर सोमवारी भिवरा पिंपळाखाली येई. फांदीवरून आवाज येई.

"भिवरे, आलीस? मोर!"

"आले. उंबरं आणलीत. खा."

"घर गळतं का गं अजून? मोर!"

"गळतं. शाकारायला माणूस लागतं, राघू नाही."

"पुढच्या जन्मी शाकारीन. मोर!"

"पुढचा जन्म तुमचा तुम्ही बघा. मला ह्याच जन्मात घर शाकारलेलं पाहिजे आणि नवरा चुलीपुढे बसलेला पाहिजे." आणि पाटी उचलून ती तशीच परीक्षेसाठी शिकायला मयूरमठात गेली.

त्रिंबकाचार्य मृगाजिनावर बसले होते. म्हणाले, "बाई, नऊ वर्षं लागतील."

"नऊ वर्षं ह्यांनी केली, महाराज. राघू झाले."

"त्यानं डावा पाय पुढे टाकला."

"मी तिथंच होते. उजवा टाकला होता."

आचार्य शिष्यांकडे वळून पुन्हा 'मधे मोर' घोकवू लागले. भिवरा बाहेर पडली.

कोठाराच्या भिंतीवर एक म्हातारा कावळा बसत असे. एका डोळ्यानं अधू, म्हणून त्याला काणोबा म्हणत. तो माणसाचा कावळा झालेला नव्हता, जन्माचाच कावळा होता. म्हणून त्याच्यापाशी थोडी अक्कल शिल्लक होती. पहिल्या दिवसापासून तो प्रत्येक परीक्षा ऐकत आला होता. भिवरेला तो म्हणाला, "बाई, रोज एक उंबर देशील तर शिकवीन. पिकलेलं पाहिजे. किड्यासकट चालेल."

"किती वर्षं लागतील?"

"ते तुझ्यावर आहे. मी काय मठ काढलेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धडा सुरू झाला.

काणोबा म्हणाला, "पाटलाच्या दारात रांगोळी आहे. काय ते सांग."

"पाटलाकडे सण आहे," भिवरा म्हणाली.

"कशावरून?"

"रांगोळी आहे ना दारात."

"रांगोळी आहे एवढंच मी म्हटलं. सण तू पदरचा घातलास. पाटलीण रोज रांगोळी घालत असेल तर?"

"बरं, मग लग्न असेल."

"आता लग्न पदरचं घातलंस! बाई, सांगितलंय किती आणि तू घातलंयस किती, ते आधी वेगळं कर. मग तोंड उघड. जा आता. उंबर कुठाय?"

भिवरा चिडली. घरी जाऊन मडकी आपटली. पण दुसऱ्या दिवशी आली.

"सोनाराची सून विहिरीवरून रडत आली," काणोबा म्हणाला.

"सासूनं मारलं असेल."

"विहिरीवर सासू कुठून आली?"

"मग घागर फुटली असेल."

"घागर तरी मी म्हटली का?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही हो!"

"तेच! मी काही म्हणालो नाही, आणि तू सासू आणलीस, घागर आणलीस, उद्या तिचा नवरासुद्धा आणशील."

असं वर्षभर चाललं. कधी तिनं दिवसाला दहा वेळा चुकावं, कधी कावळ्यानं उंबर तोंडात धरून मान हलवावी. हळूहळू तिची नजर बदलली. कुणी काही बोललं, की त्यातलं सांगितलेलं एकीकडे आणि घातलेलं एकीकडे, असं आपोआप पडू लागलं. शेजारीण म्हणाली, "तुझा नवरा काही आता माणसात यायचा नाही." भिवरेनं शांतपणे विचारलं, "कशावरून?" शेजारीण चुलीवरचे कंद बघायला घरात पळाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. गावात मात्र बोलवा झाली, की नागोजीची बायको फार फाटे फोडते. फोडायलाच पाहिजेत. बारा वर्षांत कुणी फोडले नाहीत म्हणून तर ही वेळ आली.

वर्ष सरलं. काणोबा म्हणाला, "माझं संपलं. आता सोमवारी उभी राहा."

"तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं नाहीत तुम्ही."

"मी शिकवणारा आहे, उत्तर विकणारा नाही," म्हणाला आणि उडून गेला.

सोमवार उजाडला. बाई परीक्षेला उभी राहणार म्हणून सगळी राजधानी लोटली. एका बाजूला मोरवाले, एका बाजूला हंसवाले, मधे राजा चंडसेन छत्राखाली. बारा वर्षं कंद खाऊन राजाचेही गाल बसले होते. पिंपळावर पाचशे पाखरं दाटीवाटीनं बसली होती. नागोजी राघू सगळ्यात खालच्या फांदीवर येऊन बसला होता.

"भिवरे, मागं फिर. मी पाखरू झालो तेवढं पुरे. तू झालीस तर आपल्याला घरटं करावं लागेल. मोर!"

"गप बसा," भिवरा म्हणाली, आणि पायरी चढली.

दारावरच्या पितळी सिंहानं डोळे उघडले.

"बाई, चुकलीस तर पाखरू होशील. ठाऊक आहे?"

"आहे. विचारा."

सिंहानं डरकाळी फोडली. जमीन दुभंगली आणि मोहरांनी भरलेला एक हंडा वर आला. त्याच्या गळ्याला काळा नाग वेटोळं घालून फुत्कारत होता, आणि हंड्याच्या पोटातून कुणी कण्हल्यासारखा आवाज येत होता. शेजारच्या हौदात हंडा आपणहून गेला, बुडाला, तळाशी बसला आणि पुन्हा चालत वर आला.

सिंह म्हणाला, "शापित हंडा पाण्यात कधीही बुडत नाही. हा हंडा शापित आहे काय?"

"शापित! शापित!" झाडावरची निम्मी पाखरं ओरडली, शेवटी आपापलं चुकलेलं उत्तर जोडून. गर्दी मागं सरली. कोण म्हणेल त्या हंड्याला चांगला?

भिवरेनं नागाकडे बघितलं. एक पाऊल मागंही सरली ती, खोटं कशाला सांगू? पण नागाबद्दल सिंह अक्षर बोलला नव्हता, कण्हण्याबद्दलही नव्हता. बोलला होता फक्त बुडण्याबद्दल.

"शापित असता तर बुडाला नसता," ती म्हणाली. "बुडाला. म्हणजे शापित नाही."

"एवढी खात्री आहे तर हात घाल."

तिनं कोपरापर्यंत हात घातला. नाग झेंडूची माळ होऊन तिच्या मनगटावर लोंबला. राजाच्या तोंडून 'अरे!' निघालं.

सिंह म्हणाला, "दुसरा प्रश्न. एका राजानं तळ्याकाठी पाटी लावली: येथे कोणी पोहू नये. पाटी लावताना त्यानं मनात काय धरलं होतं? तळ्यात मगर आहे, असं? पाणी घाण आहे, असं? की न सांगितलं तर कुणीतरी पोहेल, असं?"

"मगर! मगर!" एक टिटवी किंचाळली. ती ह्याच जातीच्या प्रश्नावर सहा वर्षांपूर्वी चुकली होती.

भिवरा म्हणाली, "मगर असेल नाहीतर नसेल. पाणी घाण असेल नाहीतर आरशासारखं असेल. त्याचं पाटीत काही नाही. पण कुणी पोहणारच नाही असं राजाला वाटत असतं, तर त्यानं सुताराला कामाला कशाला लावलं असतं? न सांगितलं तर कुणीतरी पोहेल, हेच त्याच्या मनात होतं."

"बरोबर," सिंह म्हणाला. गर्दीत एकच गलका झाला. इथवर आलेले पुष्कळ होते, पण इतक्या थंडपणे आलेलं कुणी नव्हतं.

मग सिंहानं तिसरा प्रश्न विचारला. विचारला कसला, त्यानं 'मोर' म्हणताच हजार तोंडांनी पुढचा म्हणून टाकला. आणि लगेच दोन्ही बाजू पेटल्या.

"बाई, तू मोरवाल्या गावची! मोर म्हण!" त्रिंबकाचार्य गरजले.

"बाई, त्या गावानं तुला काय दिलं? हंस म्हण!" गदाधराचार्य गरजले.

भिवरा पायरीवर मांडी घालून बसली. कमरेच्या पिशवीतून तिनं एक उंबर काढलं, एक खडा काढला, एक शिंपला काढला. उंबर म्हणजे घुबड, खडा म्हणजे मोर, शिंपला म्हणजे हंस. आधी मांडलं उंबर, खडा, शिंपला. घुबड टोकाला, बरोबर. मोर हंसाच्या शेजारी, बरोबर. मधे मोर.

मोरवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

मग तिनं खडा आणि शिंपल्याची अदलाबदल केली. उंबर, शिंपला, खडा. घुबड टोकाला, बरोबर. मोर हंसाच्या शेजारी, हेही बरोबर. मधे हंस.

हंसवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मोरवाल्यांनी त्यांना चिखल मारला.

भिवरेनं पुन्हा मांडलं. पुन्हा बदललं. प्रश्नातला शब्द न् शब्द तोंडानं म्हणून बघितला, की कुठं एखादा राहिलाय का. काही राहिलं नव्हतं. म्हणजे काय? दोन्ही बसतात? मग उत्तर काय द्यायचं? मांत्रिकाच्या सिंहानं विचारलेला प्रश्न, बारा वर्षांचा, शेकडो माणसं गिळलेला. त्याला उत्तर नाही असं कसं असेल?

नागोजी उडत येऊन तिच्या खांद्यावर बसला.

"भिवरे, नऊ वर्षं तू कंद खणलेस आणि मी हे एकच शिकलो. ते वाया नको घालवू. मोर म्हण. मोर!"

"अहो, एक विचारू का?" ती हळू आवाजात म्हणाली. "मोर बरोबर असतं, तर तुम्ही राघू का झालात?"

राघूनं मान वाकडी केली.

"आणि हंस बरोबर असतं, तर तुमच्या शेजारच्या फांदीवर ती 'हंस, हंस' करणारी साळुंकी कशाला बसली असती? मोरवाले आणि हंसवाले, सगळे एकाच झाडावर आहेत की हो."

राघूनं झाडाकडे बघितलं. दोन वर्षं तो त्याच झाडावर होता, पण असं खालून, बायकोच्या खांद्यावरून, त्यानं ते कधी बघितलं नव्हतं. मग फार कष्टानं म्हणाला, "मग काय म्हणशील? मोर!"

"प्रश्नाला उत्तर असलंच पाहिजे, हे सिंहानं कुठं सांगितलंय? ते आपण सगळ्यांनी पदरचं घातलंय."

ती उभी राहिली. हे तोंडातून काढणं सोपं नव्हतं. साऱ्या राज्यापुढे, राजापुढे, दोन आचार्यांपुढे म्हणायचं होतं, की मला सांगता येत नाही. मठात असं म्हणणाऱ्याच्या पाठीवर छडी बसायची. आणि चुकलं तर इथं पिसं होतीच.

"सिंहराज," ती म्हणाली, "मधे मोर असेल नाहीतर हंस असेल. घुबड नाही, एवढं नक्की. पण त्या दोघांतलं कोण, ते तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढ्यावरून सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. सांगायचं तर तुम्ही आणखी काही सांगायला पाहिजे."

भिवरेनं कोपर चाचपलं.

पितळी सिंहाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "बारा वर्षं," तो म्हणाला, "बारा वर्षं मी हा प्रश्न विचारतोय. एकानं तरी म्हणावं, की आणखी सांग! बाई, तुला नाही माहीत, मला किती कंटाळा आला होता."

आणि दार उघडलं.

दार उघडलं म्हणजे काय, बारा वर्षांचा जोंधळा धबधब्यासारखा बाहेर लोटला. राजा छत्रासकट कमरेइतका दाण्यात रुतला. मोरवाले हंसवाल्यांच्या अंगावर, हंसवाले मोरवाल्यांच्या अंगावर. पिंपळावरची पिसं झडून वाऱ्यावर गेली आणि पाचशे माणसं फांद्यांना लोंबकळू लागली. त्यातल्या एकालाही झाडावरून उतरता येत नव्हतं. दुपारपर्यंत शिड्या लावून उतरवत होते. आणि नागोजी, जो खांद्यावर बसला होता, तो बायकोच्या खांद्यावरून आडवा पायरीवर पडला.

"लागलं का?" भिवरेनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग थांबला. वाट बघितली. पुढं काही आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "नाही. नाही. नाही लागलं!" आणि हसत सुटला.

बारा वर्षं कोठारातच बसलेला अवघडनाथ दाण्याच्या राशीतून उठून उभा राहिला, दाढी छातीपर्यंत वाढलेली. राजा दाण्यात रुतलेल्या जागेवरूनच हात जोडून म्हणाला, "मांत्रिका, मी बघितलं नाही आणि ठरवलं. चुकलो." अवघडनाथ म्हणाला, "बारा वर्षं लागली एवढं म्हणायला." त्यानं ओंजळभर जोंधळा उपरण्यात बांधला आणि तो चालू लागला. आचार्यांना राजानं दुसऱ्याच दिवशी कामाला लावलं: गावोगावचं धान्य ज्याचं त्याला पोचवायचं, दोघांनी मिळून, एकाच बैलगाडीतून. गाडीत भांडत होते म्हणतात, पण धान्य पोचलं.

कोठाराच्या किल्ल्या राजानं भिवरेपुढे धरल्या. "बाई, आजपासून कोठार तुझं."

"उद्यापासून," भिवरा म्हणाली. "आज घरी काम आहे."

जमलेल्या सगळ्यांनीच पदरात, उपरण्यात जोंधळा बांधून घेतला; तीही पदरात दोन पायल्या घेऊन गावी गेली. जातं धुतलं, दळलं, पीठ मळलं. हात विसरला असेल असं तिला वाटत होतं, पण थापताना भाकरी आपोआप गोल फिरली. तव्यावर फुगली. गावभर त्या घटकेला घरोघरी तोच वास उठला होता, आणि रस्त्यावर कुणी उरलं नव्हतं.

नागोजी चुलीपुढे बसला होता. त्यानं भाकरीचा पापुद्रा उचलला, वाफ तोंडावर घेतली, आणि राघूच्या सवयीनं बाजूची हिरवी मिरची उचलून अख्खी चावली.

डोळे लाल झाले. नाक वाहू लागलं. असा ठसका लागला, की जीव कासावीस झाला.

"तिखट लागली?" भिवरेनं विचारलं.

"लागली! राघू होतो तेव्हा कधी लागली नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

त्या राज्यात त्या दिवशी चूल विझली नाही. ऐकणाऱ्यांच्याही घरी ती तशीच पेटती राहो, आणि ताटात गरम पडो.